२४व्या वर्षी पक्षनेतेपद: ब्रिटिश कोलंबियाच्या ग्रीन पक्षात ही निवड होते कशी, आणि नेत्याच्या हातात नेमके काय येते?

पाऊसवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २४ सप्टेंबर २०२५ रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात (पुढे बी.सी.) ग्रीन पक्षाच्या नेतेपदी एमिली लोवन निवडून आल्या. वय २४. पूर्वी कोणतेही सरकारी पद नाही. व्हिक्टोरिया विद्यापीठातली विद्यार्थी चळवळ आणि त्यानंतर खनिज इंधनांविरुद्धच्या मोहिमा, एवढीच पार्श्वभूमी. बातम्यांत वयाचीच चर्चा जास्त झाली. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे.

पक्षाचा नेता तिथे कोण निवडतो? नेता आमदार नसेल तर तो काय करू शकतो आणि काय नाही? आंदोलनातून आलेल्या माणसाचे पाय पक्षाच्या कामात कुठे अडकतात? आणखी एक: व्हँकूवर, सरे, बर्नबी भागात मराठी कुटुंबे आहेत. कुणी नागरिक, कुणी पीआर (कायमचे रहिवासी, पण नागरिक नाहीत), कुणी वर्क परमिटवर. यांपैकी कोणाला या प्रक्रियेत कायद्याने काय करता येते?

"तरुणांनी राजकारणात यावे का" हा वाद कृपया इथे नको.

मतपत्रिका

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे पक्षाध्यक्ष म्हणजे पक्षाचा मालक अशी सवय झाली आहे. तिथे 'नेता' आणि पक्षसंघटनेचा 'अध्यक्ष' ही दोन वेगळी पदे आहेत. नेता हा पक्षाचा चेहरा. धोरण मांडणे, निवडणुकीत मुख्यमंत्रिपदाचा (तिथे प्रीमियर) दावेदार म्हणून उभे राहणे, वाटाघाटी करणे, हे त्याचे काम. संघटनेची तिजोरी, नोकरवर्ग, नियमावली हे सगळे निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे असते. हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचे निम्मे घोटाळे त्यातूनच होतात.

निवड सदस्य करतात. एक सदस्य, एक मत, आणि मत पसंतीक्रमाने. आपल्याकडे विधान परिषदेला १, २, ३ असे आकडे टाकतात, साधारण तसे. कुणालाही निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मते मिळाली की निकाल लागला. नाही मिळाली तर शेवटच्या उमेदवाराची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. या वेळी तीन उमेदवार होते: लोवन, कोमॉक्स गावचे नगरसेवक आणि डॉक्टर जोनाथन केर, आणि ॲडम ब्रेमनर-एकिन्स. लोवन पहिल्याच फेरीत जिंकल्या.

यात चळवळीतल्या माणसाला मोठा फायदा आहे, आणि तो भाषणाचा नाही. छोट्या पक्षाचे नेतेपद ही काही हजार मतांची निवडणूक असते. सदस्य होण्याची अंतिम तारीख आधी जाहीर होते. त्या तारखेपर्यंत ज्याने नवे सदस्य जास्त आणले, त्याचे पारडे जड. ज्याला दारोदार जाऊन सह्या गोळा करायची, फोन करायची, दहा स्वयंसेवकांतून शंभर उभे करायची सवय आहे, त्याला हे हातचे काम असते. नगरसेवकाकडे ओळखी असतात, पण त्या एका गावापुरत्या.

चुकते कुठे, तर सदस्य केल्यानंतर. माणूस सदस्य झाला म्हणजे त्याने मत दिले असे नाही. ऑनलाइन मतदानाचा दुवा आणि संकेतांक ईमेलने येतो, तो स्पॅममध्ये पडतो. घरातल्या चौघांनी एकच ईमेल दिलेला असतो. पत्त्याचा पिनकोड जुना असतो. म्हणून जाणकार मोहीम आपली ताकद दोन भागांत विभागते: अंतिम तारखेपर्यंत नोंदणी, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या सदस्याला किमान दोन फोन. पहिला "ईमेल आला का" विचारायला, दुसरा "मत दिले का" विचारायला. चळवळीतली मंडळी पहिला भाग मन लावून करतात आणि दुसऱ्यात ढिली पडतात, कारण मोर्चाला दुसरा भाग नसतो.

खाडीकाठ

मतपत्रिका यांनी सांगितलेले बरोबर, पण नोंदणीच्या या ताकदीलाच त्याच प्रांतात २०२२ मध्ये कसा फास बसला ते सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

जून २०२२ मध्ये सत्ताधारी एनडीपीचे (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडे झुकणारा पक्ष) प्रीमियर जॉन होर्गन यांनी पद सोडणार असल्याचे जाहीर केले. डेव्हिड एबी यांची निवड ठरल्यासारखीच होती. त्यांच्यासमोर अंजली अप्पादुराई उभ्या राहिल्या. भारतात जन्म. २०११च्या डर्बन हवामान परिषदेत तरुणांच्या वतीने त्यांनी केलेले भाषण जगभर पाहिले गेले होते. २०२१ला व्हँकूवर ग्रॅनव्हिलमधून त्या खासदारकीला साडेचारशेहून कमी मतांनी हरल्या होत्या. म्हणजे निवडणूक त्यांना नवी नव्हती.

सदस्यनोंदणीची मुदत ४ सप्टेंबर २०२२ला संपली. त्यांच्या बाजूने इतके नवे सदस्य झाले की पक्ष हादरला. मग पक्षाच्या मुख्य निवडणूक अधिकारी एलिझाबेथ कल यांनी चौकशी केली. निष्कर्ष असा की डॉगवुड या पर्यावरण संघटनेने सदस्यनोंदणीत आपली यंत्रणा वापरली आणि ती मोहिमेशी समन्वय साधून वापरली. बी.सी.च्या कायद्यात संघटनेने उमेदवाराला वस्तुरूपाने किंवा श्रमरूपाने मदत करणे ही देणगीच धरली जाते, आणि संघटनांच्या देणग्यांवर बंदी आहे. १९ ऑक्टोबरला कार्यकारिणीने त्यांना अपात्र ठरवले. दोन दिवसांनी एबी बिनविरोध नेते झाले आणि १८ नोव्हेंबरला प्रीमियर. अप्पादुराई यांनी हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, नियम मागाहून लावले गेले असे त्यांचे म्हणणे होते.

तो निर्णय न्याय्य होता की नाही यावर तिथे आजही दोन तट आहेत. माझ्या मते पक्षाने मतदान होऊ द्यायला हवे होते. हजारो लोक पहिल्यांदाच पक्षात आले आणि त्यांना मत न देताच परत जावे लागले, ही जखम लवकर भरत नाही. पण चळवळीतल्या माणसाने धडा घ्यायचा तो कायद्याच्या बाजूचा. चळवळीत संघटना, मित्र, ईमेल यादी, कार्यालय, पगारी कार्यकर्ते सगळे एकमेकांत मिसळलेले असते आणि तेच तिचे बळ असते. उमेदवारी जाहीर केली त्या क्षणापासून हेच मिसळलेपण गुन्ह्याच्या काठावर जाते.

पाऊसवाट

मग हे स्वच्छ ठेवायचे कसे? संस्थेत काम करणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात काय काय करायचे?

खाडीकाठ

जमेल तसे क्रमाने सांगतो.

पहिले, घोषणेच्या आधी संस्थेची नोकरी सोडायची किंवा बिनपगारी रजा घ्यायची, आणि त्याची तारीख लेखी असावी. संस्थेचा लॅपटॉप, फोन, झूमचे खाते परत. "फक्त एक बैठक संस्थेच्या झूमवर घेतली" ही वाक्ये नंतर चौकशीत येतात.

दुसरे, ईमेल यादी. संस्थेकडे लोकांनी आपला पत्ता एका याचिकेसाठी दिलेला असतो. बी.सी.त खासगी माहितीच्या संरक्षणाचा प्रांतीय कायदा राजकीय पक्षांनाही लागू आहे. कॅनडात ही गोष्ट सर्वसाधारण नाही. ज्या कामासाठी पत्ता घेतला त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर त्या माणसाची संमती हवी. म्हणून यादी शून्यातून उभी करायची. सगळ्यात जास्त मोह इथेच होतो.

तिसरे, स्वयंसेवक. माणूस स्वतःच्या वेळेत, कुणाकडूनही पगार न घेता काम करत असेल तर ती देणगी नाही. तोच माणूस संस्थेच्या पगारी तासांत तुमच्यासाठी फोन करत असेल तर ती संस्थेची देणगी झाली, म्हणजे बेकायदा. फरक कामात नाही, पगार कोण देते यात आहे. प्रत्येक स्वयंसेवकाकडून ही गोष्ट एका ओळीत लिहून घ्यावी.

चौथे, फुकट मिळालेल्या वस्तू. सभागृह, ध्वनियंत्रणा, छपाई: बाजारभावाने किंमत लावून ती देणगी म्हणून नोंदवायची, आणि देणारी व्यक्ती असेल तरच घ्यायची. कंपनी किंवा युनियन असेल तर पैसे देऊन भाड्याने घ्यायचे.

नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर आणखी एक कुंपण आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर कॅनडाच्या आयकर कायद्याने धर्मादाय संस्थांना धोरणांवर हवे तितके बोलायची मुभा दिली, पण पक्ष किंवा उमेदवाराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पाठिंबा देण्यावरची बंदी कायम ठेवली. संस्थेच्या पानावर "आमच्या माजी सहकारी उभ्या आहेत, अभिमान वाटतो" एवढे लिहिणेही टाळावे.

तिसरा बाक

आता आमदार नसलेल्या नेत्याचा मुद्दा.

बी.सी. विधानसभेत ९३ जागा. ऑक्टोबर २०२४च्या निकालात एनडीपी ४७, कॉन्झर्व्हेटिव्ह ४४, ग्रीन २. ग्रीनचे आमदार रॉब बॉटरेल आणि जेरेमी व्हॅलेरिओट. त्या वेळच्या नेत्या सोनिया फर्स्टनाउ स्वतः व्हिक्टोरिया-बीकन हिलमध्ये हरल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. लोवन त्यांच्या जागी आल्या, पण सभागृहाबाहेरून.

बाहेरचा नेता प्रश्नोत्तराच्या तासाला (तिथे तो ३० मिनिटांचाच असतो) उभा राहू शकत नाही, विधेयकावर मत देऊ शकत नाही, समितीत बसू शकत नाही. आमदारांच्या गटाला विधानसभेकडून कामकाजासाठी निधी मिळतो, तो पक्षाच्या प्रचाराला वापरता येत नाही. म्हणजे नेत्याचा पगारही पक्षाच्या गंगाजळीतून. वाटाघाटी मात्र तो करू शकतो, आणि पत्रकारांसमोर त्याचाच शब्द पक्षाचा शब्द मानला जातो.

जागा मिळवण्याचे मार्ग तीन. एक, आपल्याच आमदाराला राजीनामा द्यायला लावून पोटनिवडणूक लढवणे. २०१३ मध्ये प्रीमियर क्रिस्टी क्लार्क व्हँकूवर-पॉइंट ग्रेमध्ये हरल्या (हरवणारे होते डेव्हिड एबी), तेव्हा बेन स्टुअर्ट यांनी केलोनाची जागा सोडली आणि जुलैत क्लार्क तिथून निवडून आल्या. त्यांच्याकडे जागांची रेलचेल होती. ज्या पक्षाकडे दोनच आहेत त्याने एक पणाला लावणे म्हणजे अर्धा पक्ष पणाला लावणे. शिवाय ग्रीनला मिळालेली मते बरीचशी त्या आमदाराची व्यक्तिगत असतात, ती जशीच्या तशी दुसऱ्याच्या खात्यात जात नाहीत.

दोन, दुसऱ्या पक्षाची जागा रिकामी होण्याची वाट पाहणे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक जाहीर करावी लागते, पण कुठली जागा रिकामी होईल हे तुमच्या हातात नाही. जगमीत सिंग १ ऑक्टोबर २०१७ला संघराज्य पातळीवरच्या एनडीपीचे नेते झाले आणि संसदेत पोहोचले २५ फेब्रुवारी २०१९ला, बर्नबी साऊथच्या पोटनिवडणुकीतून. मधले जवळजवळ सतरा महिने पक्षाला प्रश्नोत्तरात नेता नव्हता, आणि त्याची किंमत देणग्यांत आणि चर्चेतल्या जागेत मोजावी लागली.

तीन, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबणे. ती कायद्याने २१ ऑक्टोबर २०२८ला आहे. एलिझाबेथ मे यांचे उदाहरण इथे सर्वांत जवळचे. सिएरा क्लब कॅनडाच्या त्या सतरा वर्षे प्रमुख होत्या, म्हणजे अस्सल चळवळीतल्या. २००६ला संघराज्य ग्रीन पक्षाच्या नेत्या झाल्या. त्याच वर्षी लंडन नॉर्थ सेंटरच्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या आल्या. २००८ला नोव्हा स्कोशियात वजनदार मंत्री पीटर मॅके यांच्यासमोर उभ्या राहून हरल्या. मग देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकूवर बेटाजवळच्या सॅनिच-गल्फ आयलंड्समध्ये मुक्काम हलवला आणि २०११ला जिंकल्या. पाच वर्षे लागली, आणि जिंकल्या त्या मतदारसंघ भावनेने न निवडता आधीच्या मतांचा हिशोब बघून निवडल्यावर.

मतदारसंघ बदलण्याचा उलटा अनुभव फर्स्टनाउ यांचा. पुनर्रचनेत त्यांचा कोविचन भाग विभागला गेला, त्या राजधानी व्हिक्टोरियात आल्या आणि एनडीपीच्या ग्रेस लोर यांच्याकडून हरल्या. व्हिक्टोरियात ग्रीनला मते भरपूर आहेत, पण एनडीपीची मुळे त्याहून खोल आहेत.

मतपत्रिका

"तिसरा बाक" यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. जागा नसणे ही अडचण आहे, पण सर्वांत मोठी नाही. निकालाच्या वेळचे संख्याबळ बघा. ४७मधले एक, राज चौहान, विधानसभेचे अध्यक्ष. उरले ४६. समोर ४४ अधिक २, म्हणजे ४६. मे २०२५ मध्ये पायाभूत प्रकल्पांना झटपट परवाने देणारे विधेयक १५ असेच समसमान मतांवर अडले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर झाले. ग्रीनचे दोघे विरोधात होते, तरी ते झाले. ग्रीन आणि एनडीपी यांच्यात डिसेंबर २०२४ मध्ये सहकार्याचा करार ठरला होता. त्याने सरकारला विश्वासमतावर आधार मिळतो, पण प्रत्येक विधेयकावर ग्रीनचा नकाराधिकार मिळत नाही.

म्हणजे नव्या नेत्याच्या हातात एकच जड वस्तू आहे: करार चालू ठेवायचा की मोडायचा. आणि ती वस्तू वापरली की संपते. करार मोडला आणि सरकारने निवडणूक घेतली तर दोन जागांचा पक्ष, रिकामी तिजोरी आणि आमदार नसलेला नेता घेऊन मैदानात उतरावे लागते. २०२०ला हे घडून गेले आहे. फर्स्टनाउ १४ सप्टेंबरला नेत्या झाल्या, होर्गन यांनी २१ सप्टेंबरला निवडणूक जाहीर केली. सात दिवस! उमेदवार शोधायलाच वेळ पुरला नाही, ८७पैकी ७४ जागांवरच उमेदवार देता आले.

चळवळीत मागणी शंभर टक्के लावून धरायची असते, निम्म्यावर थांबणे म्हणजे विश्वासघात. करारात निम्मे मिळाले तर ते लिहून, तारखेसह, मोजता येईल अशा शब्दांत घ्यायचे असते. "सरकार विचार करेल" हे कलम म्हणजे काहीच नाही. "समिती अमुक महिन्यात नेमली जाईल, तिचा अहवाल अमुक दिवसांत सभागृहात ठेवला जाईल" हे कलम. मागणी लिहिणारा हात वेगळा आणि कलम लिहिणारा हात वेगळा लागतो. नव्या नेत्याने पहिली नेमणूक करायची ती कलम लिहिता येणाऱ्या माणसाची. प्रवक्ता नंतर मिळतो.

जमाखर्च

पैशाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

२०१७च्या अखेरीपासून बी.सी.त कंपन्या आणि युनियन यांच्या देणग्यांवर बंदी आहे. व्यक्तीला एका पक्षाला वर्षाला देता येणारी रक्कम सुरुवातीला १,२०० डॉलर होती, दरवर्षी महागाईप्रमाणे ती वाढते. पक्षांना मिळालेल्या मतांवर सरकारी अनुदान मिळते: पहिल्या वर्षी मताला अडीच डॉलर होते, ते उतरत १.७५वर आले आणि पुढे महागाईशी जोडले गेले. २०२४ मध्ये ग्रीनला सुमारे ८ टक्के, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास मते पडली. म्हणजे वर्षाला तीन लाख डॉलरच्या थोडे वर. एवढ्यात प्रांतभर कार्यालय, कर्मचारी आणि नेत्याचा पगार भागत नाही. उरलेले छोट्या देणग्यांतून.

इथे करसवलत फार कामाची आहे आणि नव्या कार्यकर्त्यांना ती सांगता येत नाही. पहिल्या १०० डॉलरवर ७५ टक्के कर परत. १०० ते ५५० पर्यंतच्या भागावर ५० टक्के. त्यावर एक तृतीयांश. कमाल ५०० डॉलर, ती १,१५० डॉलरच्या देणगीवर गाठते. महिन्याला २० डॉलर देणारा वर्षाला २४० देतो. १००वर ७५ परत, १४०वर ७० परत, एकूण १४५. त्याच्या खिशातून गेले फक्त ९५. दारावर उभे राहून हे गणित तीस सेकंदांत मांडता आले पाहिजे. एकदाच २४० मागितले तर लोक दार लावतात. शिवाय महिन्याची देणगी निवडणूक नसलेल्या वर्षीही येत राहते, आणि पक्ष कोलमडतात ते त्याच वर्षांत.

आंदोलनातले निधीसंकलन संकटावर चालते: अटक झाली, वृक्षतोड सुरू झाली, की पैसे येतात. २०२०-२१च्या फेअरी क्रीकच्या जुन्या जंगलासाठी झालेल्या नाकाबंदीत ११००हून अधिक अटका झाल्या, तेव्हा मदतीचा ओघ लागला होता. पक्षाचे खर्च मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येतात. संकटाच्या लाटेवर आलेल्या देणगीदाराला आठवड्याभरात मासिक देणगीवर वळवले नाही तर तो गेला असे समजा.

दुसरी पसंती

जमाखर्च यांच्या मुद्द्याला जोडून: नेता आणि कार्यकारिणी यांच्यात पैशावरून फाटले की काय होते ते संघराज्य ग्रीन पक्षात दिसले. ॲनामी पॉल ऑक्टोबर २०२०ला नेत्या झाल्या. जून २०२१ मध्ये खासदार जेनिका ॲटविन लिबरल पक्षात गेल्या. मग कार्यकारिणीने पॉल यांच्यावरच अविश्वासाची तयारी चालवली, प्रकरण लवादापर्यंत गेले. पक्षाच्या कार्यालयातली माणसे कुणाच्या हुकमातली, प्रचाराचा पैसा कुणी सोडायचा, यावर भांडण पेटलेले असतानाच निवडणूक आली. पक्ष २.३ टक्क्यांवर घसरला, पॉल स्वतः टोरोंटो सेंटरमध्ये हरल्या आणि सप्टेंबर अखेरीस त्यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले.

म्हणून नेतेपदाचा अर्ज भरण्याआधी पक्षाची घटना वाचावी. चार गोष्टी त्यात शोधाव्यात: नेत्याचे कार्यालय आणि त्यातली माणसे कोण नेमतो, अंदाजपत्रक कोण मंजूर करतो, नेत्यावर अविश्वास आणायला किती मते लागतात, आणि उमेदवाराच्या अर्जावर शेवटची सही कोणाची. घटनेत उत्तर नसेल तर निवडून आल्याच्या पहिल्या महिन्यात, अजून सगळे खूष असताना, कार्यकारिणीशी लेखी समज करून घ्यावी.

सूचक-अनुमोदक

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडी तुलना, कारण प्रश्न वाचताना मनात तीच येते.

भारतात २४ वर्षांची व्यक्ती पक्षाची अध्यक्ष होऊ शकते, कायदा आड येत नाही. पण विधानसभा किंवा लोकसभा लढवायला २५ पूर्ण हवीत. बी.सी.त उमेदवारीचे वय १८. आपल्याकडे नवा पक्ष नोंदवायचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे स्थापनेपासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, १०,००० रुपये शुल्क आणि मतदार असलेले किमान १०० सदस्य. हे काम अवघड नाही. अवघड आहे ते चालू पक्षात खालून वर जाणे, कारण खुली, पसंतीक्रमाची, सदस्यांच्या मतांवरची नेतानिवड आपल्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणून हवामानाचा कार्यकर्ता इथे पक्षाचा नेता होत नाही, फार तर पर्यावरण आघाडीचा प्रमुख होतो.

सभागृहाबाहेरच्या नेत्याला आपल्याकडे मागचे दार आहे. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. कलम १६४(४)च्या सहा महिन्यांची मुदत संपत आली तेव्हा मे २०२०ला ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. बी.सी.त वरचे सभागृह नाही, त्यामुळे ते दार नाही. जे काही करायचे ते थेट मतदारसंघातून.

दुसरा फरक पक्षांतराचा. दहाव्या अनुसूचीसारखा कायदा तिथे नाही. उद्या ग्रीनच्या दोन आमदारांपैकी एखाद्याला नव्या नेत्याची दिशा पटली नाही, तर तो अपक्ष बसू शकतो आणि त्याचे पद शाबूत राहते. अँड्र्यू वीव्हर, स्वतः हवामानशास्त्रज्ञ आणि पक्षाचे माजी नेते, जानेवारी २०२०ला असेच अपक्ष बसले. त्यामुळे बाहेरून आलेल्या नेत्याला आमदारांना पक्षादेशाने बांधता येत नाही, रोज बोलून सोबत ठेवावे लागते. लोवन यांच्यापुढचे खरे रोजचे काम माझ्या मते हेच आहे.

तिसरा बाक

मतपत्रिका, तुमचा संख्याबळाचा मुद्दा मान्य. पण करार मोडण्याची धमकी सभागृहाबाहेरून दिली तर तिची धार कमी होते, कारण मत देणारे दोघे वेगळे असतात. म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत.

विषयाबद्दल एक भर. बी.सी.ने २००८ मध्ये टनाला १० डॉलर कार्बन कर लावला तेव्हा उत्तर अमेरिकेत ते मोठे पाऊल होते. २०२४ला तो ८० डॉलरवर गेला आणि १ एप्रिल २०२५ला ग्राहकांवरचा भाग रद्द झाला. लोकांना पेट्रोल पंपावरचा आकडा दिसत होता, परतावा दिसत नव्हता. त्याच वर्षी किटिमॅटहून एलएनजी कॅनडा या द्रवरूप नैसर्गिक वायूच्या निर्यात प्रकल्पाचे पहिले जहाज निघाले. म्हणून लोवन यांनी हवामानाचा प्रश्न महागाई आणि अतिश्रीमंतांच्या करांच्या भाषेत मांडला, तो निव्वळ प्रचाराचा रंग नाही. कार्बन कराचे काय झाले हे पाहून काढलेला तो निष्कर्ष आहे. पण त्यात धोकाही आहे: घरभाडे आणि महागाईवर एनडीपीही बोलते, आणि दोघांचे मतदार त्याच गल्लीत राहतात.

जमाखर्च

पाऊसवाट, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला होता.

नागरिक, वय १८ पूर्ण, बी.सी.त सहा महिने वास्तव्य: मत देता येते, उभे राहता येते, देणगी देता येते. पीआर: प्रांतिक मतदान नाही, उमेदवारी नाही, पण देणगी चालते, कारण देणगीदार बी.सी.चा रहिवासी आणि नागरिक किंवा पीआर असावा एवढीच अट आहे. वर्क परमिट किंवा विद्यार्थी व्हिसा: देणगी अजिबात नाही, अगदी पाच डॉलरही नाही. स्वयंसेवक म्हणून फोन करणे, पत्रके वाटणे यावर बंदी नाही. पक्षाचे सदस्य कोण होऊ शकते हे प्रत्येक पक्षाची घटना ठरवते. मतदानाचे वय १८ असले तरी तिथे त्याआधीही सदस्य होता येते, त्यामुळे शाळकरी मुलेही नेतानिवडीत मत देतात.

आपल्या मंडळींकडून होणारी एक चूक आवर्जून सांगते. गणपतीच्या वर्गणीसारखे एकाने सगळ्यांकडून रोख गोळा करायचे आणि आपल्या कार्डावरून भरायचे. हे तिथे चालत नाही. देणगी ज्याच्या नावाची, पैसा त्याचाच हवा. दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर देणगी देणे गुन्हा आहे. रोखीची मर्यादा १०० डॉलर. वर्षाला २५० डॉलरपेक्षा जास्त दिले तर नाव आणि रक्कम प्रसिद्ध होते, हे आधीच सांगून ठेवावे, नंतर कुणाला धक्का बसायला नको.

आणि ज्यांना खरेच हातभार लावायचा आहे त्यांच्यासाठी: २०२४ला ग्रीनचे उमेदवार ९३पैकी ६९ जागांवरच होते. प्रत्येक उमेदवारी अर्जाला त्या मतदारसंघातल्या ७५ मतदारांच्या सह्या आणि २५० डॉलर अनामत लागते. सगळ्या जागा लढवायच्या तर ६,९७५ सह्या आणि २३,२५० डॉलर. सह्या नेमक्या त्याच मतदारसंघातल्या असाव्या लागतात, शेजारच्या गल्लीतली सही सीमारेषेपलीकडे निघाली की बाद. म्हणून ७५ हव्या असतील तर १०० गोळा करा, आणि प्रत्येक पत्ता त्याच दिवशी नकाशावर तपासा.